साहेबाचे कट्टे आणि कापलेला एक गुण



गणपती झाले, चाकरमानी परत गेले, घर पुन्हा आहे त्यापेक्षा मोठं वाटायला लागलं. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही म्हणून भाचीचा पुण्याहून फोन आला, "मावशी, बरी आहेस ना?" बरी आहे गं. गुडघे सोडले तर सगळं ठीक. लिहीत नव्हते त्याचं कारण वेगळं होतं. एका चुकीपाशी अडले होते. चूक माझीच, आणि चांगली तीस-पस्तीस वर्षांची जुनी. ती निस्तरल्याशिवाय दुसरं काही लिहायला हात होईना.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की मी आयुष्यभर हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकवलं. दर वर्षी सहल असे आणि दोन-तीन वर्षांआड ती विजयदुर्गाला जाई, कारण एसटीचं भाडं परवडे आणि संध्याकाळच्या आत मुलं घरी पोचत. भोज राजापासून सुरुवात करायची, महाराज, आंग्रे, १७५६ साली इंग्रजांनी किल्ला घेतला तिथपर्यंत यायचं, आणि शेवटी मुलांना 'साहेबाच्या कट्ट्यां'जवळ आणून बसवायचं. दगडी बांधकामाचे ओटे, बाकी काही नाही. तिथे मी सांगत असे, "मुलांनो, याच जागेवरून १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर नावाच्या साहेबाने खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम वायूचा शोध लावला." मुलांचे डोळे मोठे होत. आपल्या तालुक्यापासून दोन तासांवर असं काही घडलं, याचा मलाही केवढा अभिमान! परत आल्यावर घटक चाचणीत एका गुणाचा प्रश्न ठरलेला: हेलियमचा शोध कोठे लागला?

एका वर्षी एका मुलाने उत्तर लिहिलं, "सूर्यावर." मी लाल शाईने फुली मारली. आगाऊपणा वाटला मला तो.

तो मुलगा आज पुण्यात इंजिनियर आहे. गेल्या वर्षीच्या गणपतीत भेटायला आला आणि आमच्या पुढच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसला, कारण आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या उजव्या कोपऱ्यात येते. मोदक खाताना एक डोळा पडद्यावर. म्हटलं, अरे सणाचं तरी सोड. तर म्हणाला, "बाई, एक बग सापडत नाहीये, तीन आठवडे झाले."

मला बग म्हणजे ढेकूण एवढंच माहीत होतं. त्याने मग समजावून सांगितलं, आणि ते इतकं छान सांगितलं की माझ्या हाताखालून गेलेला मुलगा म्हणून जरा बरंही वाटलं. त्यांची कंपनी सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंचं सॉफ्टवेअर करते. पेशीतल्या एका पदार्थाला हिरवा चमकणारा रंग लावतात, दुसऱ्याला लाल. दोन वेगळे फोटो निघतात. सॉफ्टवेअर ते एकावर एक ठेवतं आणि सांगतं, जिथे हिरवा आणि लाल एकाच जागी पडले तिथे हे दोन पदार्थ एकत्र आहेत. शास्त्रज्ञ त्यावरून निष्कर्ष काढतात. पण एका प्रयोगशाळेने कळवलं की तुमचं सॉफ्टवेअर ज्यांना एकत्र म्हणतंय ते एकत्र असूच शकत नाहीत. कुठेतरी एक चित्र दुसऱ्यावर किंचित सरकून बसत होतं. किती? एखाद-दुसऱ्या ठिपक्याने. डोळ्याला कळणारही नाही.

"मग शोधतोस कसं?" मी विचारलं.

तो म्हणाला, पहिलं म्हणजे अंदाजाने काहीही बदलायचं नाही. चूक पुन्हा घडवून आणायची. मग चित्र जिथून निघालं तिथून एकेक पायरी तपासत यायचं आणि पहिल्यांदा कुठे बिघडलं ते बघायचं. शेवटी काय दिसतंय त्याच्याशी भांडून उपयोग नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच फोटोत एखादी ओळखीची वस्तू ठेवायची. त्यांच्याकडे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म मणी असतात, दोन्ही रंगांत चमकणारे. त्या मण्याचा हिरवा ठिपका आणि लाल ठिपका एकाच जागी पडायलाच हवेत. नाही पडले, तर दोष पेशीचा नव्हे, आपला.

(पुढे दिवाळीत त्याचा फोन आला, सापडला म्हणून. सॉफ्टवेअरच्या एका भागात ठिपक्यांची मोजणी शून्यापासून धरली होती, दुसऱ्या भागात एकपासून. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. आमच्या आजीच्या आणि भटजींच्या दिवस मोजण्यात असाच एकाचा फरक पडे आणि घरात वाद होई.)

तर त्या दिवशी हे सगळं सांगून झाल्यावर त्याने लॅपटॉप मिटला आणि अगदी साळसूदपणे मालवणीत विचारलं, "बाईनू, ऑगस्टात विजयदुर्गार सूर्य दिसता काय हो?"

मी गप्प. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

अहो, मी या किनाऱ्यावर जन्मले. १८ ऑगस्ट म्हणजे ऐन श्रावण. त्या वर्षीचं ग्रहण श्रावणातल्या अमावास्येचं. ज्या दिवसांत आम्ही कपडे चुलीवर वाळवतो त्या दिवसांत विलायतेहून दुर्बिणी घेऊन कोणी शहाणा माणूस विजयदुर्गावर येऊन बसेल? इतकी वर्षं हे फळ्यावर लिहिताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. इतिहासाच्या शिक्षिकेने इतर काही नाही तरी पाऊस तरी विचारात घ्यायला हवा होता.

त्याने जाताना मला एक काम दिलं. म्हणाला, "तुम्हीच शोधा, बाई. पहिल्यांदा कुठे बिघडलं ते बघा." आणि काही जुनी इंग्रजी पुस्तकं व अहवाल मला पाठवून दिले, आता ती सगळी संगणकावर वाचायला मिळतात. माझं बीए मराठी माध्यमातून. शब्दकोश शेजारी घेऊन, दिवसाला दोन-तीन पानं, असं करत पावसाळा ते पावसाळा वर्ष गेलं. जे कळलं ते असं.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरंच मोठं होतं. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून कोकणात चढली आणि जमखिंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम अशी पूर्वेला गेली. मोठमोठे लोक आले होते, पण घाटापलीकडे. फ्रान्सचा जान्सन गुंटूरला. इंग्रजांचा टेनंटही तिथेच. जमखिंडीला ले. हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग. मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉग्सन. जमखिंडी-विजापूरकडेही ढगांनी त्रास दिलाच. तिथे ही गत, तर आमच्याकडे काय असेल ते सांगायला नको.

या सगळ्यांच्या हातात एक नवं हत्यार होतं, वर्णपटदर्शक. लोलकातून सूर्यप्रकाश गेला की तांबडा-पिवळा-हिरवा पट्टा पडतो हे आपण शाळेत पाहिलेलं आहे. तापलेल्या विरळ वायूचा प्रकाश मात्र अख्खा पट्टा देत नाही, ठराविक जागी रेघा देतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, जसे बोटांचे ठसे. खग्रास स्थितीत सूर्याच्या कडेला ज्या लाल ज्वाळा दिसतात त्या कशाच्या आहेत हे पाहायला सगळे जमले होते. रेघा दिसल्या. हायड्रोजनच्या होत्या. आणि एक पिवळी रेघ होती.

आता पिवळी रेघ म्हटल्यावर सोडियम आठवायचा. मीठ ज्योतीत टाकलं की जी पिवळी झाक येते ती. सोडियमच्या जोड रेघेला 'डी' म्हणत. बहुतेकांनी आपल्या वहीत लिहिलं: डी. पॉग्सनने तेवढं 'डी वर किंवा डी च्या जवळ' अशा अर्थाचं लिहून ठेवलं. बिचारे काय करतील? पाच-सहा मिनिटांचा खेळ, हात थरथरतोय, नजर एका भिंगाला, आणि पिवळ्या रंगात ओळखीचं एकच नाव. दोन गोष्टी इतक्या शेजारी पडल्या की एकीला दुसरीचं नाव मिळालं.

आणि आमचा लॉकियर साहेब त्या दिवशी कुठे होता? लंडनला. युद्धखात्यात कारकुनी करत. हौशी माणूस, घरी दुर्बीण. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक कारागिराकडून वेळेवर आला नव्हता. तो ऑक्टोबरात मिळाला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने ग्रहण वगैरे काही नसताना, इंग्लंडातूनच, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. जान्सनलाही तेच सुचलं होतं. ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूरला त्याने उघड्या सूर्यावर ते करून पाहिलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे एका पदकावर कोरले.

लॉकियरला घाई नव्हती, ग्रहण सुटायची भीती नव्हती. त्याने पिवळी रेघ पुन्हा पुन्हा पाहिली आणि ती सोडियमच्या जोडरेघेवर बसत नाही हे पक्कं केलं. तिला 'डी-३' म्हटलं गेलं. पृथ्वीवर कुठल्याच पदार्थाची ती रेघ जुळेना, तेव्हा हे सूर्यावरचंच काहीतरी मूलद्रव्य, असं त्याने फ्रँकलंड या रसायनतज्ज्ञाबरोबर काम करताना ठरवलं आणि ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून नाव पडलं हेलियम. लोक बरीच वर्षं हसले. १८९५ साली रॅम्झीने एका युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, त्याची रेघ तीच निघाली, आणि हसणं थांबलं.

म्हणजे तो शोध सूर्यावर लागला. फुली मारलेलं उत्तर बरोबर होतं.

मग विजयदुर्गाचे कट्टे काय उगीच आहेत? नाहीत हो! इथेच तर गंमत आहे. साहेब आला होता. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आला, किल्ल्यात छावणी टाकून राहिला, पण ३० वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. पौष अमावास्या, निरभ्र आकाश, कोरडी हवा. कोकणात ग्रहण बघायचं तर तेव्हाच. (मध्ये १८७१ साली तो आणखी एकदा हिंदुस्थानात येऊन गेला होता, तेव्हा केरळच्या किनाऱ्यावर बेकलला. तिथेही किल्लाच. साहेबाला समुद्रकाठचे किल्ले आवडत असावेत.) तोवर तो एकसष्ट वर्षांचा, सर झालेला, 'नेचर' या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक. हेलियम तर तीन वर्षांपूर्वीच बाटलीत भरला गेला होता.

गावाने एक साहेब पाहिला, त्याचे ओटे पाहिले. पुस्तकात कोणीतरी लॉकियर, ग्रहण, हिंदुस्थान, हेलियम वाचलं. दोन ग्रहणं एकमेकांवर बसली. साहेब तोच, सूर्य तोच, फक्त तारीख ३० वर्षांनी सरकली. कट्टे १८९८ चे, हे माझं मत आता पक्कं आहे.

हे कळल्यावर मी दोन दिवस उदास होते, खोटं कशाला सांगू. मग पुढचं वाचलं.

या वेळी तयारीच वेगळी होती. बंदरात 'मेल्पोमिनी' ही इंग्रजांची आरमारी बोट उभी होती आणि तिचा कप्तान, अधिकारी, खलाशी साहेबाच्या मदतीला होते. लॉकियरबरोबर त्याचा मुलगा होता, फाउलर नावाचा अतिशय नेटका सहायक होता, कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटं टिकणार. म्हणून आधी कित्येक दिवस कवायत: कोण काच घालणार, कोण झाकण उघडणार, कोण सेकंद ओरडणार. खलाश्यांना अशा कामाची सवय, हुकूम झाला की हात चालतो. गावातल्या लोकांना काय वाटलं असेल हो! एकीकडे ग्रहणात पाणी ओतून टाकणारी, तुळशीपत्रं शोधणारी आपली माणसं आणि दुसरीकडे गोरे खलाशी भर दुपारी काचेच्या पेट्या घेऊन शिस्तीत उभे.

मुख्य फरक असा की आता वहीत लिहायचं नव्हतं, फोटो काढायचा होता. दुर्बिणीच्या तोंडावरच लोलक बसवलेला कॅमेरा. त्यात फटीतून प्रकाश घेत नाहीत, त्यामुळे रेघेऐवजी सूर्याच्या त्या वेळच्या आकाराचंच चित्र प्रत्येक रंगाच्या जागी पडतं. चंद्राने सूर्य झाकला की सूर्याला चिकटून असलेला पातळ लालसर थर, क्रोमोस्फिअर, एका बाजूने क्षणभर दिसतो. त्याची चित्रं पडतात कमानीसारखी, चिरलेल्या नखासारखी. आणि त्याच्या बाहेरचं दूरवर पसरलेलं प्रभामंडल, ज्याला करोना म्हणतात (रोग नव्हे, तो नंतर आला), त्याचं चित्र पडतं पूर्ण कड्यासारखं, बांगडीसारखं. एकाच काचेवर कमानी आणि बांगड्या.

त्या करोनाचं एक जुनं कोडं होतं. ७ ऑगस्ट १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस या दोघांना करोनात एक हिरवी रेघ दिसली. यंगने ती किर्खहोफच्या नकाशावर १४७४ या आकड्यावर बसवली. तिथे लोखंडाची एक रेघ आहे. झालं. ३० वर्षं सगळ्या जगाने तिला '१४७४' म्हटलं. पुढचे पाहणारे आले ते '१४७४ बघायला' आले, आणि ज्याला जे बघायचं ठरलेलं असतं त्याला ते दिसतंच. पण लोखंडाची एकच रेघ का, बाकीच्या कुठे गेल्या? सूर्यापासून एवढ्या उंचावर लोखंडाची वाफ कशी? कोणी म्हणालं, हेही हेलियमसारखं नवं मूलद्रव्य असणार. नावही दिलं, करोनियम.

विजयदुर्गाच्या काचा इंग्लंडात नेऊन फाउलरने मोजल्या. काचेवर ओळखीच्या कमानी होत्या, हायड्रोजनच्या, हेलियमच्या, लोखंडाच्या, ज्यांच्या जागा अगदी पक्क्या ठाऊक. त्यांची मोजपट्टी करून हिरवी बांगडी मोजली, तर ती १४७४ वर बसेना! ५३१७ च्या जागी ती ५३०३ आँगस्ट्रॉमवर पडत होती. १४ आँगस्ट्रॉमचा फरक. एका मिलिमीटरमध्ये एक कोटी आँगस्ट्रॉम असतात, म्हणजे पाहा केवढीशी चूक. पण बांगडी एकीकडे आणि लोखंडाची कमान दुसरीकडे, हे एकाच काचेवर दिसत असल्यावर वाद कसला? हिरवी रेघ ती नव्हतीच, शेजारीण होती.

मला इथे पडवीतले ते मणी आठवले, आणि मी एकटीच हसले.

अभिमानाच्या भरात पुन्हा चुकायचं नाही म्हणून हेही लिहिते. हा मान एकट्या विजयदुर्गाचा नाही. त्याच दिवशी ती सावली इथून ईशान्येकडे गेली: करमाळ्याजवळचं जेऊर, मग वऱ्हाड, पुढे शहाडोल, बक्सर. जेऊरच्या माळावर अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता. त्यानेही आपल्या काचा मोजून स्वतंत्रपणे हिरव्या रेघेची जागा ५३०३ च्याच घरात काढली. तेव्हा सोलापूरकरांनो, अर्धा वाटा तुमचा. वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी मॉन्डर या बाईंनी करोनाचा खूप लांबवर गेलेला किरण फोटोत पकडला. शोधांच्या हकिगतीत बाईमाणूस क्वचित भेटतं, म्हणून सांगितलं.

जेऊरला आपलेही एक गृहस्थ होते, कावसजी दादाभाई नायगामवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात मी हे नाव शिकवलं नाही. ते १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळाही बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकॅनलला गेली.

कोडाईकॅनलचं नाव आलं म्हणून इंजिनियरने सांगितलेलं एक जोडते. तिथे गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याचे रोज फोटो काढून काचांवर जपले होते. अलीकडे त्या हजारो काचा संगणकात चढवल्या. तेव्हा काही चित्रांवर तारीख-वेळ चुकीची पडल्याचं नंतर तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं. वेळेने काय बिघडतं? तर कॅमेऱ्यात सूर्याचा उत्तर ध्रुव कुठे येणार हे वेळेवर ठरतं. वेळ चुकली की सूर्य फिरून बसतो आणि वरचा डाग खाली मोजला जातो. मग पुन्हा जुन्या वह्या काढून, एकेक चित्र पडताळणं आलं. फोटो खोटं बोलत नाही म्हणतात. पण त्याच्या पाठीवर लिहिणारा माणूसच असतो. आमच्या घरच्या अल्बमात आजोबांच्या फोटोमागे मोठ्या काकांचं नाव आहेच की.

हिरव्या रेघेचं पुढे काय झालं? चूक सापडली खरी, पण कोडं सुटलं नाही, उलट वाढलं. ५३०३ वर कोणाचीच रेघ नव्हती. चाळीसेक वर्षं तसंच राहिलं. मग जर्मनीचा ग्रोट्रियन आणि स्वीडनचा एडलेन यांनी १९४० च्या आसपास ते उलगडलं. ती रेघ लोखंडाचीच निघाली! पण साध्या लोखंडाची नव्हे. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात, त्यातले १३ उडून गेलेल्या लोखंडाची. असं व्हायला तापमान दहा लाख अंशांच्याही वर लागतं. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत, आणि त्याच्या बाहेरचा करोना त्याच्या शेकडोपट गरम. शेगडीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असं हे. करोनियम नावाचं काही नव्हतंच. यंगने लोखंड म्हटलं ते चुकीच्या कारणाने बरोबर ठरलं. याला किती गुण द्यायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि २ सप्टेंबर २०२३ ला आपलं आदित्य-एल१ यान गेलं, त्यावरचं एक उपकरण चकतीने सूर्य झाकून कायमचं ग्रहण करतं आणि ज्या रेघा बघतं त्यांत ही ५३०३ ची हिरवी रेघ आहे. ना खलाशी, ना दोन मिनिटांची घाई.

१९८० च्या १६ फेब्रुवारीच्या ग्रहणाला खग्रास पट्टा अंकोल्याच्या बाजूने गेला. आमच्याकडे थोडक्यात हुकला, तरी सूर्याची कोर झाली होती. मी तेव्हा नवी शिक्षिका. पत्र्याला भोक पाडून मुलांना जमिनीवरची कोर दाखवता आली असती. दारं-खिडक्या लावून घरात बसले. तेही इथे लिहून ठेवते.

आता या वर्षीचं. १८ ऑगस्टला विजयदुर्गाला हेलियम दिन म्हणून साजरा करतात. त्या भागातल्या एका शाळेने मला बोलायला बोलावलं, 'आपल्या गावात लागलेला हेलियमचा शोध' या विषयावर. मी हो म्हटलं आणि मग चार रात्री झोप नाही. पाहुणीने जाऊन गावाच्या मानावर पाणी ओतायचं का? मुलं हौसेने तक्ते रंगवून बसणार. यजमान असते तर म्हणाले असते, कशाला नसत्या भानगडी. गुडघ्याचं कारण सांगून घरी राहता आलं असतं, आणि ते कारण खोटंही नव्हतं.

गेले. पाऊस असा की मुख्याध्यापकांना माईकवरही ओरडावं लागत होतं. मी उठले आणि पहिलं वाक्य म्हटलं, "मुलांनो, बाहेर बघा. आज सूर्य दिसतोय का?" मुलं हसली. मग इंजिनियरने मला विचारलं तेच मी त्यांना विचारत गेले. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने माझ्या आधी उत्तर काढलं: "म्हणजे ग्रहण दुसरं होतं." मग मी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या, एकीखाली एक, आणि माझ्या फुलीची गोष्टही सांगितली.

भाषण संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. रागावले नव्हते, पण खट्टू झाले होते. "बाईनू, तुमी हेलियम काढून घेतलात तर आमच्या गावाक रवतला काय?" मी त्यांना बाजूला बसवून हिरव्या बांगडीची गोष्ट पुन्हा सांगितली, सावकाश, मालवणीत. १४७४ कुठे, ५३०३ कुठे, हे त्यांच्या छत्रीच्या टोकाने ओल्या ओसरीवर रेघा ओढून दाखवलं. ते बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे जगाची चूक हयसर गावली." मग जरा थांबून म्हणाले, "पण ह्या तक्त्यार लिवचा कसा? लांब होता."

ती अडचण खरी आहे. 'हेलियमचे जन्मस्थान' हे दोन शब्दांत बसतं. मुख्याध्यापक म्हणाले, बघू, पुढच्या वर्षी तक्ता बदलू. बदलतील का, ते पुढच्या ऑगस्टात जाऊन बघेन, गुडघे चालले तर.

परत आल्यावर पोस्टातून एक कार्ड आणलं. इंजिनियरला फोनवर सांगता आलं असतं, पण फुली शाईची होती. लाल पेन शोधायला अर्धा दिवस गेला; निवृत्तीनंतर घरात लाल पेन कोण ठेवतं? कार्डावर लिहिलं: 'प्रश्न: हेलियमचा शोध कोठे लागला? उत्तर: सूर्यावर. गुण १ पैकी १.' आणि खाली सही.

त्याचा गणपतीत फोन आला, या वर्षी रजा मिळाली नव्हती. कार्ड पोचलं म्हणाला. आणि विचारलं, "बाई, त्या चाचणीत मला १९ पडले होते. आता वीस धरायचे ना?"